ओमेर, तीन आठवडे आणि घरातलं गाणारं पोर

माझ्या नातवाकडे एक प्लास्टिकची गाय होती. पोट दाबलं की ती चार गाणी म्हणायची, चारही जवळजवळ एकाच चालीत. तो तीन वर्षांचा असताना पेसाह हा आपला ज्यूंचा सण संपला, त्यातच सुरू झालेले ओमेरचे शोकाचे दिवस पुढे चालू राहिले आणि मी मोठ्या उत्साहाने घरातलं सगळं वाजणारं गोळा केलं. गाय, टीव्हीचा रिमोट, सुनेच्या मोबाइलवरची बडबडगीतं, सगळं बंद. गाय माळ्यावर गेली. संध्याकाळी सून कामावरून आली तर पोरगा दारातच तिच्या कमरेला बिलगला आणि म्हणाला, "आजी रागावलीय. मी काय केलं?"

पस्तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. तेव्हापासून मी या विषयाकडे नीट बघायला लागले. मी ठाण्यात राहते, रविवारी आपल्या ज्यू मुलांना अलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, शिकवते, आणि दरवर्षी ओमेर आला की आया हाच प्रश्न घेऊन येतात: शोकाच्या दिवसांत मुलांचं गाणं-बाजा बंद करायचं का? इस्राएलमध्ये लोद आणि अश्दोदला गेलेल्या माझ्या भाच्याही फोनवर हेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी दिवस समजून घ्या, कारण सगळे दिवस सारखे नाहीत. ओमेर पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून शाबुओथच्या सणापर्यंत, मोजून ४९ दिवस. रब्बी अकिवा या फार पूर्वीच्या धर्मगुरूंचे २४,००० शिष्य या काळात गेले असं सांगतात, त्याचा हा शोक. लग्न नाही, केस कापणं नाही, वाद्यं नाहीत. अश्केनाझी, म्हणजे युरोपाकडच्या ज्यूंच्या, घरांत बरेच जण तेहतिसाव्या दिवशी, लाग बाओमेरला, मोकळे होतात. आपण सेफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या, रीतीने चालतो, त्यामुळे चौतिसाव्या दिवसाची सकाळ धरतात, आणि काही घरं पूर्ण ४९ दिवस पाळतात. तुमच्या घरात जे चालत आलंय ते चालवा, शेजारणीचं बघून मधेच बदलू नका. इस्राएलमधल्यांना आणखी एक वळण असतं. विसाव्या दिवसाच्या आसपास स्वातंत्र्यदिन येतो आणि त्या दिवशी पुष्कळ लोक वाद्यं लावतात, पण आदल्या दिवशी शहीद सैनिकांचा स्मृतिदिन असतो, भोंगा वाजतो. आज भोंगा आणि उद्या नाच, हे चार वर्षांच्या पोराला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुसरा काळ पावसाळ्यातला. तम्मुझ या हिब्रू महिन्याच्या १७ तारखेपासून पुढच्या आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंत तीन आठवडे. आवचा महिना लागला की नऊ दिवस आणखी कडक, मांसमटण बंद, आणि शेवटी आवच्या ९ तारखेचा उपास, तिशा बेआव, ज्याला माझी आजी कधीच तिशा बेआव म्हणाली नाही. ती म्हणायची बिरड्याचा रोजा. दोन्ही वेळा यरुशलेमचं मंदिर पडलं, दुसऱ्यांदा इसवी सन ७० मध्ये, त्याचा हा उपास.

तिसरा काळ कॅलेंडरवर नसतो. घरातलं माणूस जातं तेव्हाचा. त्याबद्दल शेवटी.

आता मुलांना हे लागू होतं का? थोडं मागे जाऊन सांगते, कारण निम्मी भीती यानेच कमी होते. १५६५ साली छापलेल्या शुलहान आरूख या आपल्या नियमांच्या ग्रंथात ओमेरासाठी लग्न आणि केस यांचं नाव आहे, वाद्यांचं नाही. वाद्यं न वाजवण्याची रीत नंतरच्या पिढ्यांनी घातली आणि ती आज सगळीकडे धरली जाते. रीत आहे म्हणून हलकी समजू नका, पण ती कुठून आली हे माहीत असलं की दोन वर्षांच्या बाळाच्या पाळण्यावरचं खेळणं थांबवायला कोणी धावत नाही. शोकाचे नियम पाळायला मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी १२ वर्षांची व्हावी लागते. त्याआधी असतं ते वळण लावणं, हिब्रूत खिनुख. ते वय ठरलेलं नाही, मुलाला गोष्ट किती कळते त्यावर आहे. बऱ्याच बाबतींत पाच-सहा वर्षं धरतात.

एक गुंता मात्र आहे. तिशा बेआवच्या आठवड्यात मुलांचेसुद्धा केस कापू नयेत, असं जुन्या ग्रंथांत आहे. का, तर त्यावर दोन कारणं सांगतात. एक, मुलाला सवय लागावी. दुसरं, मोठ्यांच्या मनाला दुःख जाणवावं. दुसरं कारण मला फार पटतं. म्हणजे हा शोक पोराने करायचा नाही, पोराला बघून आपल्याला जाणवायचा. मग घर शांत ठेवायची जबाबदारी कोणाची? आपली. पोराच्या तोंडातलं गाणं थांबवायची गरज कुठे येते?

माझा साधा नियम असा: यंत्र थांबतं, गळा थांबत नाही. आईने म्हटलेली अंगाई, अंघोळीचं गाणं, टाळ्यांची बडबडगीतं, ही ओमेरातही चालतात आणि नऊ दिवसांतही. तोंडाने गायलेल्या गाण्याबद्दलही काही घरं कडक असतात, मोठ्यांनी मजेचं गाऊ नये म्हणतात. ते मोठ्यांपुरतं. रडणाऱ्या बाळाला झोपवणं ही मजा नाही, काम आहे, आणि ज्या आईने रात्री दोनला ते केलंय तिला वेगळं सांगायला नको.

हे करायचं कसं, ते क्रमाने सांगते.

काढून घेण्याआधी सांगा. पेसाहचे शेवटचे दोन-तीन दिवस हाताशी असतात, त्यातच एकदा बोलून घ्या. लांबलचक नको. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एवढंच पुरतं: "गाय आता झोपायला चाललीय. आपण तोंडाने गाऊया." त्यालाच ती उचलून ठेवू द्या, वर फडकं घालू द्या. माझी चूक इथे झाली होती. मी ती हिसकावली नव्हती, तरी त्याच्या नकळत नेली, आणि लहान मुलाच्या जगात न सांगता नाहीशी झालेली वस्तू म्हणजे शिक्षाच. चार-पाच वर्षांच्या मुलाला थोडं कारण द्या: "खूप वर्षांपूर्वी एका गुरुजींचे पुष्कळ विद्यार्थी गेले. ते एकमेकांना मान देत नव्हते असं सांगतात. म्हणून आपण थोडे दिवस बाजा लावत नाही." यावर पोरं हमखास विचारतात, "मान दिला नाही म्हणून मेले?" घाबरू नका आणि शाळेत भांडण झालं की त्या विद्यार्थ्यांचं उदाहरण तर मुळीच देऊ नका. एका आईने दिलं होतं. मुलगी आठवडाभर धाकट्या भावाला हात लावायला घाबरत होती. "फार जुनी गोष्ट आहे, आपण त्यांची आठवण ठेवतो," एवढ्यावर थांबा.

शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आधार घ्या, पण जपून. आपल्या मुलांना यंत्राशिवायचं घर नवं नाही. दर शुक्रवारी दिवे लागले की बाजा बंद होतो आणि जेवणाच्या टेबलावर सगळे तोंडाने गातात. म्हणून मी नातवाला म्हटलं, "शब्बाथसारखं." त्याचा चेहरा खुलला. "मग द्राक्षाचा रस?" मंगळवार होता तो. तेव्हा सारखेपणा फक्त गाण्यापुरता सांगा. आणि शब्बाथला स्वतः शोक दाखवत नाहीत, त्यामुळे या आठवड्यांतल्या शुक्रवारीही टेबलावरची गाणी नेहमीसारखी खणखणीत होऊ द्या. पोरांना आठवड्यातून एकदा तरी घराचा आवाज ऐकू येतो.

मोजणी मुलांच्या हाती द्या. ओमेर हा शोकाचा काळ आहे तसाच मोजणीचाही आहे, आणि मुलांना मोजायला आवडतं. एका दोऱ्यात ४९ मणी ओवा, दर सातव्याला रंग बदला, रोज रात्री एक मणी सरकवायचा. "आज चौदा दिवस झाले, म्हणजे दोन आठवडे" हे ठेक्यात म्हणायला लावलं की बाजाची उणीव निम्मी भरून निघते. यात एक खाचखळगा आहे. सूर्य मावळल्यावर, तुम्ही आशीर्वाद म्हणून मोजण्याआधी, पोराने विचारलं, "आजी, आज कितवा?" आणि तुम्ही भाजी ढवळता ढवळता "पंधरावा" म्हणालात, तर मोजणी झाली, आता आशीर्वाद म्हणता येत नाही. म्हणून जाणती माणसं म्हणतात, "काल चौदावा होता." माझ्या नातवाला हे कळल्यापासून तो मुद्दाम दिवेलागणीलाच विचारतो.

मोबाइलचं काय? हे खरं अवघड. आजकाल जेवणही त्यावर होतं. वाद्याशिवाय नुसत्या गळ्याने गायलेली ध्वनिमुद्रणं काही रब्बी चालवून घेतात, काही नाही. मुलांसाठी मी त्यात फार खोल जात नाही. जेवणाला लागणारा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करा आणि शब्द स्वतः म्हणा. पहिले तीन दिवस घास अडतो, मग पोर तुमच्याकडे बघायला लागतं. नाहीच जमलं तर लावा आणि अपराधी वाटून घेऊ नका. ज्या मुलाला संगीत उपचारासारखं लागतं, ठरावीक गाण्याशिवाय जो शांतच होत नाही, त्याच्यासाठी तर हा प्रश्नच काढू नका. आजाऱ्याची रीत वेगळी.

बाहेरून येणारा आवाज तुमच्या हिशोबात धरू नका. एप्रिल-मेमध्ये खालच्या मैदानात लग्नाचा बँड असतो, जुलैमध्ये ढोल-ताशाचा सराव सुरू होतो, शाळेत १५ ऑगस्टची गाणी बसवतात. पोर खिडकीशी धावतं, धावू द्या. शाळेतल्या गाण्यातून मुलाला बाजूला बसवा असं सांगायला जाऊ नका, तीस मुलांत एकटं बसलेलं मूल धर्म शिकत नाही, एकटेपण शिकतं. शेजारच्या लग्नाला गेलात तर जोडप्याला शुभेच्छा द्या, जेवा आणि वरात निघायच्या आत परता. तोवर पोराने चार उड्या मारल्या तर मारू द्या.

क्लासचा प्रश्न मोठ्या नातीमुळे आमच्याकडे आला. पेटी शिकते, आठ वर्षांची, आणि प्रारंभिकची परीक्षा नेमकी ओमेरात आली. शिकण्यासाठीचं वाजवणं हे करमणुकीचं वाजवणं नाही, असं बरेच रब्बी मानतात, आणि शिकवणाऱ्याच्या पोटापाण्याचाही विचार करतात. आव महिना लागेपर्यंत क्लास चालू ठेवायला त्यांची हरकत नसते. नऊ दिवस मात्र पेटीला गवसणी. आम्ही तसंच केलं. अलंकार आणि पलटे वाजव, सिनेमातली गाणी ठेव बाजूला. तिने ते मनापासून पाळलं, कारण तिला विचारून ठरवलं होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना नुसतं सांगून नाही चालत, ठरवण्यात घ्यावं लागतं. वाढदिवस या काळात आला तर केक घरी कापा, तोंडाने गा, आणि मित्रांची धमाल नंतरच्या रविवारी. मुलांना दोन वाढदिवस मिळाल्याचा आनंद होतो, तक्रार नाही.

नऊ दिवसांत हाताला काम द्या. इथे माझ्या आजीकडे सगळं तयार होतं. मटण बंद, म्हणजे वालाचं बिरडं, आणि बिरडं म्हणजे सोलणं. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यातून पांढरे मोड डोकावतात. मग कोमट पाण्याच्या पातेल्यात टाकायचे आणि मुलांना भोवती बसवायचं, जमिनीवर, पाय पसरून. दाणा चिमटीत धरून मागून दाबला की सालातून सुळकन निसटतो. तीन वर्षांच्या पोराच्या चिमटीतून तो पातेल्यात न पडता भिंतीवर जातो. मोड तुटतात, साल आणि दाणे एकत्र होतात, तुम्हाला नंतर पुन्हा निवडावे लागतात, आणि अर्धा किलो वालाला दीड तास जातो. तो दीड तासच तर हवा असतो. माझा नातू सोलता सोलता स्वतःशीच "एलियाहू हन्नाबी" म्हणत होता, मलिद्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या आभाराच्या विधीच्या, वेळी ऐकलेलं, निम्मे शब्द स्वतःचे. प्रत्येक "एलियाहू"ला एक दाणा. त्याला कोणी थांबवलं नाही.

तिशा बेआवच्या रात्री सिनेगॉगमध्ये दिवे मंद असतात, माणसं जमिनीवर बसतात, एखा, म्हणजे विलापगीतं, वाचतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना पूर्ण वाचनाला बसवू नका, पहिली दहा मिनिटं पुरेत. ती चाल रडवी आहे आणि मुलं चाल बरोबर पकडतात, शब्द न कळताही. मी माझ्या वर्गाला आदल्या रविवारी तीच चाल एक ओळ म्हणून दाखवते आणि विचारते, "हे गाणं कसं वाटतं?" एक मुलगी म्हणाली, "हरवल्यासारखं." यापेक्षा जास्त मी काही शिकवत नाही. मंदिराबद्दल सांगताना "आपल्या सगळ्यांचं एक मोठं घर होतं, ते पाडलं" एवढं ठीक आहे, आगीचं आणि तलवारीचं वर्णन दहा वर्षांचे होतील तेव्हा. लहान मुलं उपास करत नाहीत, त्यांना वेळेवर वाढा. त्या एका दिवशी मात्र मी मोठ्यांनी मुलांसाठीसुद्धा उड्या-टाळ्यांची गाणी म्हणू नयेत असं म्हणते. अंगाई म्हणा, गोष्ट सांगा. मंदिर दहाव्या तारखेलाही जळत होतं, म्हणून दहाव्या दिवशी दुपारपर्यंत अनेक घरांत बाजा लावत नाहीत. पोराला आधीच सांगा, नाहीतर उपास सुटला की ते थेट माळ्याकडे बोट दाखवतं.

आता घरातल्या मरणाबद्दल.

माझे यजमान गेले तेव्हा नात चार वर्षांची होती. शिवा, म्हणजे दफनानंतरचे शोकाचे सात दिवस, आरसे झाकलेले, आम्ही खाली बसलेलो, दार उघडं, माणसं येत-जात होती. तिसऱ्या दिवशी ती माझ्या मांडीवर येऊन बसली आणि आजोबा तिला म्हणायचे ते गाणं म्हणू लागली, मोठ्याने. भेटायला आलेल्या एका बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पोरगी गप्प झाली आणि मग चार दिवस कोणाशीच धड बोलली नाही. मला त्या बाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं, मला जमलं नाही. तुम्हाला सांगते: शिवाच्या घरात लहान मूल गायलं तर गाऊ द्या. शोकाचे नियम तिच्यावर नाहीतच. भेटायला आलेल्यांचा संकोच सांभाळण्यासाठी एक मावशी किंवा काका आधीच ठरवून ठेवा. मूल फारच दंगा करू लागलं तर त्याने त्याला खाली फिरायला न्यायचं, ओरडायचं नाही. सात दिवस टीव्ही आणि बाजा बंद असेल तर रोज तासभर मुलांना दुसऱ्या घरी पाठवा, तिथे त्यांनी काय ऐकलं याची चौकशी करू नका.

गेलेली व्यक्ती त्या मुलाची आई किंवा बाप असेल तरी नियम तोच. मूल बार-मित्झवाच्या वयाचं, म्हणजे वर सांगितलेल्या १३ किंवा १२ वर्षांचं, नसेल तर ३० दिवसांचं किंवा वर्षाचं बंधन त्याच्यावर येत नाही. त्याचा गाण्याचा क्लास बंद करू नका. लोक म्हणतील, "बाप जाऊन महिना झाला नाही आणि पोरगी पेटी बडवतेय." म्हणू देत. उलट मोठं माणूस स्वतःचे बाप किंवा आई गेल्याच्या वर्षात असेल, आणि त्याच्या मुलाचा वाढदिवस आला, तर तो साजरा होतो. दुखवट्यातली आई पाहुण्यांत न बसता स्वयंपाकघरात वाढायला उभी राहते, ही जुनी सोय आहे आणि अजून चालते. मुलाला मात्र "आई का येत नाही?" याचं उत्तर द्या: "आईला आजोबांची आठवण येतेय, ती आतून तुझं गाणं ऐकतेय."

अडलं तर विचारा. आपल्याकडे रब्बी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, असतात, इस्राएलचे नातेवाईक असतात. विचारताना मुलाचं वय आणि अडचण दोन्ही सांगा. "ओमेरात गाणं चालतं का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर येतं. "दोन वर्षांचं बाळ गाण्याशिवाय झोपत नाही" याला वेगळं येतं.

आणि खेळणं माळ्यावर ठेवण्याआधी त्यातले सेल काढा. मी काढले नव्हते. त्या वर्षी गाय शाबुओथनंतर उतरली तर पोटात हिरवा-पांढरा चिकट थर, पत्र्याच्या पट्ट्या गंजलेल्या, आवाज गेला तो गेलाच. नातवाने दोन-चारदा दाबून बघितलं, मग पोट दाबायचा आणि गाणं स्वतःच म्हणायचा, चारही, एकाच चालीत.